लक्ष्मी उजवीकडे

या, असे जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनीही उठून जवळ या, कारण आजची गोष्ट लांबून ऐकण्यासारखी नाही. ती आहे खसखशीच्या दाण्याएवढ्या एका खुणेची. ती खूण ओळखता ओळखता एका मुलीची सगळी शिकवण शंभर पिल्लांच्या तराजूत कशी चढली, आणि देवानं ती कशी तारून नेली, ते ऐकायचं आहे. नाव घ्या त्याचं, आणि ऐका.

बनशंकरीत देवळामागच्या गल्लीत अंबुबाई राहतात. आत्या, मावशी, काकू अशी त्यांची नाती पुष्कळ, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. त्यांचे पूर्वज कधी काळी घोड्यावरून या कानडी मुलखात आले म्हणे. आता घोडा गेला, मुलूख राहिला. घरात मराठी बोलतात, भांडण मात्र कानडीत करतात. दर एकादशीला समाजाच्या हॉलमध्ये कीर्तन असतं. बुवांनी पहिला अभंग लावला की पहिल्या रांगेत उजव्या कोपऱ्यातून टाळ उमटतो तो अक्कांचा. बुवा बदलले, पेटीवाले बदलले, तो टाळ कधी अर्ध्या मात्रेनंही हलला नाही.

आणि काम? कनकपुरा रस्त्याच्या एका हॅचरीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. अंड्यातून कालच बाहेर आलेलं पिल्लू हातात घ्यायचं आणि नर की मादी ते सांगायचं.

ऐकायला हे केवढंसं! पण एक दिवसाचं पिल्लू पाहिलंय कधी नीट? पिवळा कापूस. नराला तुरा नाही, मादीला काही वेगळा रंग नाही, दोघांची चिवचिव एकच. कुणी म्हणतं पाय धरून उलटं लोंबकळवा, कुणी म्हणतं दोऱ्याला अंगठी बांधून वर फिरवा. अक्का हसायच्या. त्या डाव्या मुठीत पिल्लू धरत, पोटाला अलगद दाब देऊन घाण काढून टाकत, आणि अंगठ्यानं शेपटीखालचं द्वार फुलाच्या पाकळीसारखं उलगडत. दिव्याच्या झोतात आत एक उंचवटा दिसतो, खसखशीएवढा. तो घट्ट, चकचकीत, बोट लागलं तरी न दबणारा असेल तर नर. सपाट असेल, किंवा असून नसल्यासारखा मऊ, दाबला की विरघळणारा, तर मादी. आणि असेही काही असतात की ज्यांच्यापुढं ब्रह्मदेवानंही चष्मा पुसावा. अक्कांना एका पिल्लाला लागायचे चार सेकंद. दिवसाला हजारो पिल्लं, शंभरात दोनाहून जास्त चूक नाही, आणि चौतीस वर्षांत त्यांच्या मुठीत एकही जीव चेंगरला नाही.

एकदा एका लग्नघरी पोटुशी असलेली एक नवी सून त्यांच्याजवळ सरकली. "अक्का, तुम्हांला सगळं कळतं म्हणे. माझं काय होईल सांगा की स्वल्प, थोडंसं."

अक्कांनी तिच्या गालावर टिचकी मारली. "तुझं पिल्लू माझ्या टेबलावर येत नाही गं. ते देवाच्या टेबलावर आहे. तिथं वाकून बघायचं नसतं."

या कामात अक्कांचा एक रिवाज होता, आणि आपली गोष्ट त्याच्यावरच फिरणार आहे. मादी उजव्या खोक्यात, नर डाव्या. का? तर मादी म्हणजे लक्ष्मी. उद्या अंडी देणार, कुणाचं तरी घर चालवणार. लक्ष्मी घरात उजव्या पावलानं येते, म्हणून ती उजवीकडे. मादी टाकताना त्या ओठातल्या ओठात 'लक्ष्मी' म्हणायच्या आणि नर टाकताना 'हरी'. लक्ष्मी, हरी, हरी, लक्ष्मी. अकरा टेबलांचा हॉल, पण मालकानं अक्कांसाठी सगळ्याच टेबलांवर मादीचा खोका उजवीकडे ठेवायला लावला होता.

"नराला हरी का म्हणायचं?" दिव्यश्रीनं एकदा विचारलं होतं.

दिव्यश्री म्हणजे अक्कांच्या भावाची, मल्हाररावांची मुलगी. इंदिरानगरात एका मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर उभी राहायची, आलेल्या प्रत्येकाला हसून टेबल दाखवायची. एका सुट्टीच्या दिवशी अक्कांचा विसरलेला डबा द्यायला ती हॅचरीत गेली. आत्याचे हात तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि डबा हातात धरून तासभर तशीच उभी राहिली. घरी जे हात भाकरी थापतात आणि टाळ धरतात तेच हे, यावर तिचा विश्वास बसेना. त्या हातांत घाई नव्हती, आणि थांबणंही नव्हतं. पुढच्या महिन्यात तिनं हॉटेल सोडलं.

"डिग्री घेतलेली पोरगी कोंबडीची बुडं बघत बसणार?" मल्हारराव कडाडले. "सोयरिकीला आलेल्यांना काय सांगू मी?"

"सांग, पोरीची नजर चांगली आहे," अक्का म्हणाल्या. "तुझी बारा वर्षं चिकपेटात कापडाच्या दुकानात गेली, अजून तुला रेशीम कुठलं नि पॉलिस्टर कुठलं ते बायकोला विचारावं लागतं."

तर दिव्यश्रीनं विचारलं, नराला हरी का? अक्कांचे हात चालूच होते. त्या म्हणाल्या, "मादीला पुढं दाणा आहे, पाणी आहे, वर्ष दीड वर्षाचं आयुष्य आहे. नरांतले थोडे कुणी वाढवायला नेतं. बाकीच्यांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ते बोलत नाही. मला ते बदलता आलं नाही, दिव्या. पण माझ्या हातून जाताना त्याच्या कानावर एक नाव तरी पडू दे."

दोन वर्षं दिव्यश्री त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. पहिले सहा महिने तर तिला काहीच दिसायचं नाही. मग दिसायला लागलं, पण उशिरा; पिल्लू खोक्यात पडल्यावर. एकदा चूक लक्षात आली तशी तिनं खोक्यात हात घालून पिल्लू शोधायला घेतलं. एका पिवळ्या लोंढ्यात एक पिवळं पिल्लू! अक्कांनी तिच्या मनगटावर फटका दिला.

"काढ हात. चूक झाली ना? मग ती एकच राहू दे. सारवासारव करायला गेलीस की एकीच्या दहा होतील, आणि त्या दहा कुठल्या ते देवालाही सापडायचं नाही."

मग वर्षभरात दोन गोष्टी घडल्या. कनकपुरा रस्त्यावर मेट्रो आली तशी जमीन सोन्याची झाली, आणि मालकानं हॅचरी बंद करून तिथं अपार्टमेंट उभं करायला दिलं. आणि अक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. अक्का म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं.

आता हे पिल्लं पारखण्याचं काम हातानं करणारी एकच मोठी हॅचरी उरली होती, दोड्डबळ्ळापुराच्या पलीकडे. तिथं परीक्षा घ्यायचे नरसिंह अण्णा. जाड भुवया, कमी बोलणं. दिव्यश्री पहिल्यांदा गेली तेव्हा घाबरून तिनं घाई केली. सत्त्याण्णव बरोबर हवी होती, अठ्ठ्याऐंशीच आली. "आणखी एकदा ये," अण्णा म्हणाले. "तिसऱ्यांदा येऊ नकोस."

त्या एकादशीला हॉलमध्ये बुवा रंगात आले होते, पण उजव्या कोपऱ्यातला टाळ मुका होता. अक्का तो मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कीर्तन संपल्यावर त्या देवाच्या तसबिरीसमोर वाकल्या आणि दिव्यश्रीला मागून ऐकू आलं, "डोळे नेलेस त्याचं काही नाही रे. पण दिलेलं कुणाकडं तरी ठेव. माझ्याबरोबर नको नेऊस."

दिव्यश्रीला त्या रात्री एक कळलं. तिच्या हातात आता एका नोकरीहून मोठं काही होतं. ती नापास झाली तर इंदिरानगरचं काउंटर पुन्हा मिळालं असतं. अक्कांचे हात मात्र पुन्हा कुठं मिळाले नसते.

परीक्षेच्या दिवशी दोघी पहाटेच्या बसनं निघाल्या. हॅचरीच्या दाराशी सिमेंटचा बाक होता, अक्का तिथंच बसल्या.

"आत चला की," दिव्यश्री म्हणाली.

"मी आत आले तर तू पिल्लाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघशील. जा. हात धू, नखं बघ, आणि निधानानं, सावकाश."

आत टेबल, प्रखर दिवा, ट्रेमध्ये शंभर पिल्लं, आणि दोन खोके. खोक्यांवर कानडीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. नरसिंह अण्णांनी बोट दाखवलं. "एडक्के हेण्णु, बलक्के गंडु. डावीकडं मादी, उजवीकडं नर. दहा मिनिटं. एकदा टाकलेलं पिल्लू परत उचलायचं नाही. उचललं तर परीक्षा संपली. सरी?"

"सरी, अण्णा."

तिनं ऐकलं होतं, समजलंही होतं, मागच्या वेळी भीतभीत चिठ्ठ्या बघून तसं टाकलंही होतं. पण पहिलं पिल्लू मुठीत आलं, त्याच्या छातीतली धडधड बोटांना लागली, आणि मागच्या वेळची भीती कुठल्या कुठं गेली. अंगठा आपोआप फिरला. चकचकीत, घट्ट. हरी. दुसरं सपाट, लक्ष्मी. तिसरं मऊ, बोट टेकताच विरलं, लक्ष्मी. मनात टाळ वाजायला लागला, अर्ध्या मात्रेनंही न हलणारा. अक्का शेजारच्या स्टुलावर असल्यासारखं तिला वाटलं. दिव्याखाली एकामागून एक लहान लहान सत्यं उघडत गेली आणि प्रत्येकाला तिनं नाव दिलं. मागं उभे असलेले नरसिंह अण्णा हात बांधून बघत होते.

एक्केचाळिसावं पिल्लू. सपाट. "लक्ष्मी," ती पुटपुटली आणि ते उजव्या खोक्यात सोडलं. सोडता सोडता तिची नजर खोक्यावरच्या चिठ्ठीवर गेली.

गंडु.

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. उजवीकडे नर हवे होते. पहिल्या पिल्लापासून तिचे हात इथल्या हॅचरीत नव्हतेच. ते कनकपुरा रस्त्यावर, अक्कांच्या टेबलाशी बसले होते. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उलटी!

बेचाळिसावं पिल्लू मुठीत चिवचिवत होतं. हात घालून बदलावं, तर परीक्षा संपली. यापुढं सरळ टाकावं, तर दोन्ही खोक्यांत नर-मादीची खिचडी, आणि मग कुठलं कुठलं ते सांगायला कुणीच नाही. तिनं डोळे मिटले. मनगटावर एक जुना फटका बसल्यासारखा झाला. चूक एकच राहू दे.

तिनं डोळे उघडले, बेचाळिसावं पाहिलं. नर. आणि जाणूनबुजून, 'हेण्णु' लिहिलेल्या डाव्या खोक्यात सोडलं. "हरी."

आत्तापर्यंत चुकणं सोपं होतं. आता समोरची चिठ्ठी दर वेळी ओरडून सांगत होती आणि दर वेळी तिला तिचं न ऐकता हात दुसरीकडे न्यावा लागत होता. कपाळावरून घाम ओघळला, तो तिनं दंडाला पुसला. तिनं टाळ सुटू दिला नाही. नऊ मिनिटं आणि काही सेकंदांनी ट्रे रिकामा झाला.

नरसिंह अण्णा डाव्या खोक्याकडे वाकले. दिव्यश्रीनं खोक्यावर हात आडवा ठेवला.

"अण्णा, थांबा. आधी ऐका. माझे खोके उलटे आहेत. डावीकडं सगळे नर, उजवीकडं सगळ्या माद्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

अण्णांच्या भुवया वर गेल्या. "हे बरं आहे की. नापास झालं की म्हणायचं, उलटं होतं."

"नापास झाल्यावर कुठं म्हणतेय? तुम्ही अजून एक पिल्लूही बघितलं नाही."

"कधी कळलं तुला?"

"एक्केचाळिसाव्याला."

"मग तिथून सरळ का नाही केलंस? साठेक तरी बरोबर आली असती."

"साठेक बरोबर आली असती आणि शंभर वाया गेली असती, अण्णा. दोन्ही खोके बिघडले असते. आता चूक एकच आहे. चिठ्ठ्या बदलल्या की संपली."

अण्णांनी दोन्ही खोक्यांत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "तू मघापासून काय पुटपुटत होतीस? मी समजलो स्तोत्र म्हणतेस."

तिनं सांगितलं. लक्ष्मी कुणाला, हरी कुणाला, आणि हरी का.

अण्णा स्टूल ओढून बसले, दिवा जवळ घेतला आणि डाव्या खोक्यातलं पहिलं पिल्लू उचललं. त्यांचेही हात मुरलेले होते. बघितलं, बाजूला ठेवलं. दुसरं. तिसरं. दहाव्याला त्यांचे ओठ हलायला लागले. दिव्यश्रीनं कान दिला. हा कमी बोलणारा माणूस कानडी वळणानं, हळूच, एकेका पिल्लाला म्हणत होता, "हरी... हरी... हरी..."

एका पिल्लाशी ते थांबले. "ही हेण्णु आहे."

"त्याचा मलाही संशय होता," ती म्हणाली.

उजव्या खोक्यातही एकच चुकलेलं निघालं. अण्णांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "नियमानं तुला शंभरात दोन."

दिव्यश्रीनं खोक्याची कड घट्ट धरली.

"शंभरात दोन!" अण्णा पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या भुवयांखाली काहीतरी चमकलं. "अगं, काही न येणारा माणूस डोळे मिटून पिल्लं टाकत बसला तरी त्याची पन्नास बरोबर येतात. अठ्ठ्याण्णव चुकायला विद्या लागते!" आणि ते असे खदखदून हसले की पलीकडच्या टेबलांवरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मग एकदम हसू आवरून म्हणाले, "पण हे खोके तसेच शेतकऱ्याकडं गेले असते तर? अंड्यांसाठी वाट बघत बसला असता बिचारा, आणि पाच महिन्यांनी घरभर बांग."

"गेले नसते, अण्णा. मी हात ठेवला होता."

अण्णांनी तिच्या त्या हाताकडे पाहिलं. अजून तो तसाच, खोक्याच्या कडेवर होता. "पिल्लू उचलायचं नाही, असा नियम आहे," ते सावकाश म्हणाले. "चिठ्ठीबद्दल नियम काही बोलत नाही." त्यांनी नखानं दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या, अदलाबदल करून चिकटवल्या, वरून तळहातानं दाबल्या आणि कागदावर लिहिलं, अठ्ठ्याण्णव. "कुणी शिकवलं तुला?"

"बाहेर बसल्या आहेत."

अक्का बाकावर ताठ बसल्या होत्या, उन्हाकडे तोंड करून. पावलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली. "किती?"

"अठ्ठ्याण्णव, अक्का," नरसिंह अण्णा म्हणाले, "पण उलटी."

दिव्यश्रीनं खाली बसून सगळं सांगितलं. अक्का आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, अण्णा. पोरीला विद्या द्यायची होती, मी तिच्यात माझी सवयही बांधून दिली. डावं-उजवं माझं होतं. पिल्लाला कुठं त्याचं काय!"

"असू दे," अण्णा म्हणाले. "सवय बदलेल. एक्केचाळिसाव्या पिल्लाशी जे केलं ते सांगून शिकवता येत नाही. ते तुम्ही कसं शिकवलंत?"

"मनगटावर मारून," अक्का म्हणाल्या.

तेव्हा त्या मोठ्या हॅचरीच्या दाराशी नरसिंह अण्णा वाकले आणि त्यांनी अक्कांच्या पायांना हात लावला. अक्कांना दिसलं नाही, पण कळलं. त्यांनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "आता माझी पोर तुमच्याकडं. तिला डावीकडं टाकायला शिकवा. चालेल मला."

पण अण्णांनी तसं केलं नाही. आजही त्या हॅचरीत गेलात तर सगळ्या टेबलांवर मादीचा खोका डावीकडं दिसेल, फक्त खिडकीजवळच्या एका टेबलावर तो उजवीकडं आहे. तिथं दिव्यश्री बसते, तिचे ओठ हलत असतात. आणि येता-जाता अण्णा तिथं क्षणभर थांबतात तेव्हा त्यांचेही हलतात.

परीक्षेच्या त्याच आठवड्यात एकादशी होती. बुवांनी पहिला अभंग लावला. उजव्या कोपऱ्यातून टाळ उमटला, असा खणखणीत की बुवांनी गाता गाता वळून पाहिलं.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आता उठाल, घरी जाल, उद्या सकाळी कुणाच्या तव्यावर अंडं फुटेल, कुणी कीर्तनाला जाईल. तेव्हा एवढं करा. बनशंकरीतल्या त्या म्हातारीला आता पिल्लू दिसत नाही आणि देवाची तसबीरही दिसत नाही. पण ज्यांना कुणीच नाव दिलं नसतं अशा लाखो जिवांना तिनं हातावेगळं करताना एकेक नाव दिलं. त्या अंबुबाईची, आमच्या अक्कांची, एकदा आठवण काढा.